परवचा, आकडे आणि परमुलखातील आपली मुले

मनुष्य परमुलखात जाऊन तेथील भाषा कितीही सफाईने बोलू लागला, तरी नोटा मोजताना तो ओठांतल्या ओठांत मातृभाषाच पुटपुटतो, असे जाणते लोक सांगत आले आहेत. जे. पी. नगरात आलेल्या पहिल्या पिढीच्या बाबतीत हे आजही खरे आहे. दुसऱ्या पिढीच्या बाबतीत ते खरे उरलेले नाही. आपली मुले घरी नीटस मराठी बोलतात, गणेशोत्सवात नाटुकली करतात. पण 'सात आठे किती?' असे विचारले की क्षणभर थबकतात, मनाशी 'सेव्हन एट्स आर फिफ्टी सिक्स' म्हणतात, आणि मग 'छप्पन्न' हा शब्द धुंडाळू लागतात. पुष्कळदा तो हाती लागत नाही. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचे लेख असावयाचेच. आम्ही येथे पाढ्यांचा इतिहास मांडण्याचे योजिले, कारण आपल्या घरांतून सर्वांत निमूटपणे जे निघून गेले, ते हेच धन होय.

इंग्रजी अमदानीच्या आरंभापर्यंत महाराष्ट्रात गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळाच्या पडवीत त्या भरत. छापील पुस्तक नव्हते. धूळपाटीवर आकडे गिरवावयाचे, पुसावयाचे, पुन्हा गिरवावयाचे. मात्र खरी विद्या पाटीवर नव्हे, जिभेवर असे. दिवेलागणीला मुले एका सुरात परवचा म्हणत. त्यात तिथी, वार, नक्षत्रे, महिने यांच्या जोडीने बेपासून तिसापर्यंतचे पाढे येत, आणि त्यांच्यामागून अपूर्णांकांचे पाढे येत : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सर्वांत अवघड ती औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा.

या नावांची व्युत्पत्ती पाहण्यासारखी आहे. 'पाव' म्हणजे पाद, चार पायांपैकी एक. 'पाऊण' म्हणजे पादोन, पावाने उणा. 'सव्वा' म्हणजे सपाद, 'साडे' म्हणजे सार्ध. 'अडीच'च्या मुळाशी 'अर्धतृतीय' आहे : दोन पुरे झाले आणि तिसरा अर्धा. त्याच चालीने 'औट' म्हणजे चौथा अर्धा. एवढी जुनी भाषा सात-आठ वर्षांच्या पोराच्या तोंडी नांदत होती, आणि तिचे त्याला ओझे वाटत नव्हते. ओझे वाटे ते छडीचे.

साडेतिनाचा पाढा कोणास कशाला लागावा, असे आजच्या वाचकास वाटेल. उत्तर बाजारात आहे. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. मणाचे शेर चाळीस, खंडीचे मण वीस. दहाच्या पटीत काहीच नाही; सारे पाव, अर्धा आणि पाऊण यांत विभागलेले. साडेतीन आणे शेर या भावाने बारा शेर जिन्नस घेतला तर औटकी येणारा मुलगा 'बेचाळीस आणे' म्हणून मोकळा होई, आणि त्याचे दोन रुपये दहा आणे करावयास त्याला कागद लागत नसे. मणाचा भाव जितके रुपये, तितकेच आणे अडीच शेराला पडतात. कारण सोळा आण्यांना चाळीस शेर, तर एका आण्याला अडीच. म्हणून अडीचकी. ज्यांना हे पाढे म्हणजे निरर्थक घोकंपट्टी वाटते त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. दुकानाच्या फळीवर बसलेल्या माणसाचे ते हत्यार होते.

आणि हत्यार म्हटले की ते कोणाच्या हाती होते हेही पाहिले पाहिजे. पंतोजीच्या शाळेत येत ती बहुतांशी ब्राह्मण, प्रभू, सोनार, वाणी अशा लेखणी किंवा तराजू धरणाऱ्या घरांतील मुले. मुलींना ती वाट बंद, कुणब्याला परवडणारी नाही, अस्पृश्य मानलेल्यांना दारही नाही. ज्याला दिडकी-अडीचकी येत नाही त्याने सावकाराच्या वहीवर अंगठा उठवावा, आणि व्याजाचा आकडा तो सांगेल तो मानावा. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, तेव्हा त्यांचा रोख कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या यांवर होता. जे कागद आपल्याला वाचता येत नाहीत ते जाळणे एवढेच हाती उरले होते. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले. त्यात त्यांनी प्राथमिक शिक्षणासाठी मोडी व बाळबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेबाचा आग्रह धरला, तो याच पार्श्वभूमीवर. परवच्याच्या गोड आठवणी काढताना आपण ही बाजू सहसा सांगत नाही. ती सांगितली पाहिजे.

छापील पुस्तके आली, सरकारी शाळा आल्या, तरी अपूर्णांकांचे पाढे अंकलिपीच्या पानांतून टिकून राहिले. त्यांचा पाया सुटला तो १ एप्रिल १९५७ रोजी. त्या दिवशी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ १९५८ पासून किलो आणि लिटर येऊ लागले. आणे गेले, शेर गेले, आणि औटकीला पोटापाण्याचा उद्योग उरला नाही. आम्हांस याचे दुःख करावेसे वाटत नाही. ज्या बाजारासाठी ती घडली होती तो बाजारच उठला.

गुणाकार शिकविण्याची आपल्याकडील परंपरा केवळ पाठांतराची होती असाही एक गैरसमज आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, १३५ ला १२ ने गुणण्याचे एक उदाहरण आहे आणि ते सोडविण्याच्या अनेक रीती दिल्या आहेत. पैकी एक अशी की बाराचे दहा व दोन असे तुकडे करावे : १३५० आणि २७०, मिळून १६२०. आजची शिक्षिका फळ्यावर जे 'तुकडे पाडून' दाखविते ते हेच. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. १२०७ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचे इयत्ता दुसरीचे नवे गणित पुस्तक आले आणि महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. त्यात 'एकवीस' या रूढ नावासोबत 'वीस एक', 'बावीस'सोबत 'वीस दोन' अशी वाचनाची रीत दिली होती. गणित विषय समितीच्या अध्यक्षा होत्या विदुषी मंगला नारळीकर (१९४३–२०२३). मुलांना जोडाक्षरांचे शब्द जड जातात, आणि ऐकावयाचे 'त्र्याहत्तर' तर आधी तीन, लिहावयाचे मात्र आधी सात, यामुळे लहानगी गोंधळतात, असा त्यामागील विचार होता. भाषा बुडाली म्हणून वृत्तपत्रांत लेख आले. विधिमंडळात आडनावांची फोड करून विनोदही झाले.

या वादात एक गोष्ट कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही. असाच एक बदल मराठी पाढ्यांत पूर्वीच होऊन गेला होता. आपले आजोबा 'अठरा सक आठोदरसे' म्हणत. 'आठोदरसे' म्हणजे अष्टोत्तरशत. आधी आठ, मग शंभर. तेरा आठे चौदोदरसे, सोळा साते बारोदरसे, सतरा नवे त्रेपन्नासे. शाळांनी त्यांच्या जागी 'एकशे आठ', 'एकशे चार', 'एकशे बारा' आणले, क्रम उलटा केला, आणि त्याने मराठी बुडाली नाही. नॉर्वेने तर १९५१ साली 'एक आणि वीस' ही जुनी चाल सोडून 'वीस एक' ही चाल सरकारी निर्णयानेच स्वीकारली. टेलिफोनचे आकडे सांगताना घोटाळे होत, हे त्याचे कारण. उलट जर्मन मुले आजही 'एक आणि वीस'च म्हणतात, आणि त्यांचे गणित काही कच्चे नाही. तेव्हा दोन्ही बाजूंनी आवाज थोडा चढाच लागला होता, असे आमचे मत आहे.

आपणां बेंगळूरकरांना या वादाचा निवाडा पुस्तकांत शोधावा लागत नाही. तो दाराशी आहे. कन्नडमध्ये एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु', वीस-एक. त्र्याहत्तर म्हणजे 'एप्पत्तमूरु', सत्तर-तीन. एकोणीस म्हणजे 'हत्तोंबत्तु', दहा-नऊ. तेथे 'एका'ने उणे करण्याची भानगड नाही. ज्या रीतीवरून महाराष्ट्र हादरला ती आपल्या शेजारच्या घरात शतकानुशतके सुखाने नांदते आहे. तेथली मुले पाढ्यांना 'मग्गी' म्हणतात आणि आपल्या मुलांसारखीच झुलत झुलत म्हणतात. आणि ही भूमी गणिताला नवखी नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यातील काही गुणाकारांना त्यांनी कंठ्यांची, हारांची नावे दिली आहेत. १४२८५७१४३ ला ७ ने गुणा : १००००००००१ येते, दोन्ही टोकांना एकेक मणी! मुलांसमोर हा गुणाकार करून दाखवावा, त्यांचे डोळे चमकतात. देवाणघेवाणही जुनीच. शहाजीराजांकडे १६३८ पासून बेंगळूरची जहागीर होती, आणि पुढे हैदरअलीच्या काळी म्हैसूरच्या महसुलाचे हिशेब कानडीबरोबर मराठीतही लिहिले जात.

मग आपल्या मुलांनी शिकावे काय? तिसापर्यंतचे पाढे आणि औटकी यांचा आग्रह धरणे हा जुलूम होईल. शाळेचे इंग्रजी, सक्तीचे कन्नड आणि हिंदी एवढे ओझे आधीच आहे. परंतु बे ते दहा हे पाढे मराठीत, पाच-सहा वर्षांच्या वयात, नुसत्या कानाने यावेत. 'बे त्रिक सहा, बे चोक आठ' यातील 'त्रिक' आणि 'चोक' हे शब्द मुलाला दुसरीकडे कोठेही भेटणार नाहीत. त्यासाठी वर्ग नको, पाटी नको. बसथांब्यापर्यंत चालण्याचा वेळ पुरतो. अंकांची नावे अडली तर 'सत्तर तीन' खुशाल म्हणू द्यावे आणि त्यामागून आपण 'त्र्याहत्तर' म्हणावे. 'साडेदोन वाजले' असे पोर म्हणाले की आपण हसतो. पण ते चुकत नसते, ते कन्नडच्या 'एरडूवरे'चे, दोन-आणि-अर्ध्याचे, सरळ मराठी करीत असते. 'दीड' आणि 'अडीच' हे स्वतंत्र शब्द ना कन्नडमध्ये ना इंग्रजीत. ते आपण दिले नाहीत तर त्याला कोण देणार?

उरलेली शिकवण बाजारात मिळते. सारक्कीच्या मंडईत भाजीवाली अजून 'काल किलो', 'अर्ध किलो', 'मुक्काल किलो' असेच मोजते. 'मुक्काल' म्हणजे तीन काल, तीन पाव. आपण तेथे एकातून पाव उणा करतो, ती तीन पाव मोजते. आणि कन्नडमध्ये 'कालु' म्हणजे पाव, तसाच 'कालु' म्हणजे पाय.