तिमाही तक्ता आणि गंगाराम कांबळेंचा चहा

शाहू जयंतीला घोड्यांची गोष्ट हमखास सांगितली जाते. सांगलीचे अभ्यंकर वकील, पागेतल्या सगळ्या घोड्यांपुढे एकत्र टाकलेली चंदी आणि दुबळ्यांचा वाटा खाऊन टाकणारे दांडगे घोडे. गोष्ट चांगलीच आहे, पण ती ऐकून टाळ्या वाजवल्या की आपण मोकळे होतो. मला 26 जुलै 1902च्या आदेशातलं एक रुक्ष कलम त्याहून मोलाचं वाटतं. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासवर्गीयांना द्याव्यात, हा भाग सगळ्यांना पाठ असतो. पुढचा भाग फारसा कुणी वाचत नाही. ज्या खात्यात हे प्रमाण कमी आहे, तिथली पुढची नेमणूक मागासवर्गीयाचीच व्हावी आणि प्रत्येक खातेप्रमुखाने झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा, असं त्यात म्हटलं आहे.

आदेश निघाला तेव्हा महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडमध्ये होते. मालक परदेशात, कारभार जुन्याच लोकांच्या हाती, अशा वेळी नुसत्या सदिच्छेचं काय होतं हे नोकरी केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. 1894 साली शाहूंकडे अधिकार आले, तेव्हा कोल्हापूर संस्थानाच्या सामान्य प्रशासनातल्या 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते. कारकुनांच्या सुमारे 500 जागांवर ब्राह्मणेतर जेमतेम दहा. वरचा माणूस आपल्या ओळखीचा उमेदवार आणतो, तो पुढे त्याच्या ओळखीचा आणतो. यात कुणाला कट करावा लागत नाही, चाललंय तसं चालू दिलं की पुरे. तक्ता मागितला की मात्र खातेप्रमुखाला दर तीन महिन्यांनी आपलीच निवड कागदावर बघावी लागते.

आपल्या दृष्टीने या आदेशातली मागासवर्गाची व्याख्या फार बोलकी आहे. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सगळे मागास. म्हणजे मुसलमान आत आणि पारशी बाहेर. पारशी तर मुसलमानांहून कितीतरी कमी संख्येचे! धर्म किंवा अल्पसंख्य असणं हा निकषच नव्हता. शिक्षणात आणि नोकरीत कोण कुठे उभा आहे, एवढंच पाहिलं गेलं. 2014 साली महाराष्ट्रात मुस्लिमांमधल्या मागास समूहांसाठी 5 टक्क्यांचा अध्यादेश निघाला, तेव्हा 'धर्माच्या नावावर आरक्षण नको' अशी ओरड झाली. ती ओरड करणाऱ्यांपैकी अनेकजण शाहूंच्या प्रतिमेला हार घालतात, म्हणून हे सांगितलं.

कोल्हापूरच्या दरबारात मुसलमान नव्हते असं नाही. उस्ताद अल्लादिया खाँ गात होते, आबालाल रहिमान चित्रं काढत होते. पण मैफलीत मान मिळणं वेगळं आणि कचेरीत खुर्ची मिळणं वेगळं. खुर्चीसाठी शिकलेली मुलं हवीत आणि खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा हवी. 1901 पासून कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहू लागली. 1906 साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं. 'लायक उमेदवारच मिळत नाहीत' ही तक्रार आज कंपन्यांच्या बैठकांत ऐकू येते, तेव्हाही येत होती. शाहूंनी त्यावर उमेदवार घडवण्याची सोय केली.

1912 पर्यंत 95 अधिकाऱ्यांमध्ये ब्राह्मण 35 उरले. दहा वर्षांत एका संस्थानाने आपली कचेरी बदलून दाखवली. तरी या मोजणीत मला एक उणीव दिसते. ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर असे दोनच रकाने केले की दुसऱ्या रकान्यात लहान समाज दिसेनासे होतात.

आजच्या कंपन्यांची गत पाहा. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्यात पहिल्या हजारात असलेल्या नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल द्यावा लागतो. त्यात स्त्रिया किती, अपंग कर्मचारी किती हे विचारलं जातं, आणि ते योग्यच आहे. जात आणि धर्माचा रकाना नाही. सच्चर समितीने 2006 साली विविधता निर्देशांकाची कल्पना मांडली होती, ती कागदावरच राहिली. 2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले होते. मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा बरीच कमी निघाली. अर्जाच्या पहिल्या ओळीतच निकाल लागत असेल, तर कंपनीच्या 'समान संधी' धोरणावर आमच्या मुलांनी भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

भरवशाचा प्रश्न नोकरीपुरता नाही, धंद्यातही तोच आहे. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकर होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून सोबतच्या नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना स्वतंत्र धंदा करायला मदत दिली. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचं 'सत्यसुधारक हॉटेल' उघडलं. चहा चांगला, जागा स्वच्छ, गिऱ्हाईक मात्र नाही. महाराचा चहा पिणार कोण? मग महाराजांची गाडी तिथे थांबू लागली. ते स्वतः चहा पीत आणि सोबतच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजत. सहीसाठी आलेल्यांना आधी गंगारामकडे चहा घ्यायला लावत, अशी आठवणही सांगितली जाते. 50 टक्क्यांचा आदेश कचेरीत चालतो, गिऱ्हाइकाच्या मनावर चालत नाही, हे ओळखलेला तो राज्यकर्ता होता. तिथे पत असलेल्या माणसालाच उठून जावं लागतं.

त्याच कोल्हापुरात 7 जून 2023 रोजी मोबाइलवरच्या स्टेटसवरून जमाव रस्त्यावर आला आणि दगडफेक झाली. मुसलमानांकडून खरेदी करू नका, अशी आवाहनं त्या काळात राज्यातल्या सभांतून उघडपणे होत होती. त्यानंतर ओळखीच्या दुकानातून मुद्दाम सामान नेणारे हिंदू शेजारीही होते, ते विसरता येत नाही. पण व्यापारी संघटना, मोठे कारखानदार, बाजार समित्या यांपैकी ज्यांच्या शब्दाला बाजारात वजन आहे, त्यांनी आपली गाडी कुणाच्या दुकानासमोर थांबवली, हे मला विचारावंसं वाटतं. शाहूंचं निधन 6 मे 1922 रोजी झालं. त्यानंतर त्यांच्या स्मारकासाठी झटणाऱ्यांत गंगाराम कांबळे पुढे होते.