फुलाविना पसरलेला वेल

घरोघरी काचेच्या बाटलीत किंवा गॅलरीतल्या कुंडीत वाढणाऱ्या मनीप्लांटला लागवडीत जवळजवळ कधीच फूल येत नाही, त्यामुळे फळ धरण्याचा वा बी पेरण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या वेलाचा जगभर जो प्रसार झाला तो तोडलेल्या तुकड्यांतून, म्हणजे छाटकलमांतूनच झाला. माणसाच्या हातावर इतकी विसंबून राहिलेली शोभेची वनस्पती विरळाच.

दक्षिण प्रशांत महासागरातील सोसायटी बेटांपैकी मोरेआ हे या वेलाचे मूळ स्थान आता मानले जाते. मात्र १८८० साली बेल्जियममधील रोपवाटिकेचे मालक जाँ लिंडेन आणि फ्रेंच उद्यानतज्ज्ञ एदुआर आंद्रे यांनी त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा तो सॉलोमन बेटांवरून आल्याची नोंद झाली होती. वनस्पतींची प्रजाती मुख्यत्वे फुलाच्या रचनेवरून ठरवली जाते आणि येथे फूलच हाती नव्हते, म्हणून केवळ पाने व खोड पाहून त्यांनी त्याला ‘पोथॉस’ या प्रजातीत बसवले, पुढे १९०८ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लर यांनी त्याला ‘सिंडॅप्सस’मध्ये हलवले, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी फ्लोरिडात एका वेलाला क्वचित येणारे फूल आले तेव्हाच त्याच्या नात्यागोत्याचा खरा उलगडा सुरू होऊन १९६४ साली ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ हे आजचे नाव रूढ झाले. फुलाच्या अभावाचे कारण कळायला त्यानंतरही अर्धशतक लागले: जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाच्या निर्मितीतील एक जनुक या वेलात नीट कार्य करत नाही, आणि बाहेरून जिबरेलिन फवारल्यास त्याला फुले येतात, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

फूल हरवलेला वेल टिकला तो त्याच्या पेरांमुळे. पेर म्हणजे खोडावरील तो सांधा, जेथून पान निघते. पानाच्या बेचक्यात सुप्त डोळा असतो आणि बाजूला हवाई मुळांचे आखूड कोंब आधीच तयार असतात. शेंड्याकडून खाली वाहणारे ऑक्सिन हे संप्रेरक कापाजवळ साचून मुळांना चालना देते, म्हणून एक पेर पाण्यात बुडेल अशा बेताने कांडी ठेवली की काही आठवड्यांत मुळे लांबू लागतात. डोळा नसलेले नुसते पान मात्र पाण्यात हिरवे राहिले तरी त्यातून नवा वेल फुटत नाही. ऑक्सिनचा हा गुण १९३० च्या दशकात सिद्ध झाला आणि त्यातूनच कलमांना लावायची संप्रेरकाची भुकटी बाजारात आली, पण मनीप्लांटला तिची गरज कधी भासली नाही.

भारतात ही विद्या नवी नव्हती. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात द्राक्ष, डाळिंब, जांभूळ इत्यादी झाडे ‘कांडरोप्य’, म्हणजे खोडाच्या तुकड्यापासून लावण्याजोगी, म्हणून सांगितली असून त्या तुकड्यांना शेणाचा लेप देण्यास सुचवले आहे. परदेशातून आलेल्या या वेलाला अशा परंपरेत सहज जागा मिळाली. चोरून आणलेला मनीप्लांट चांगला वाढतो व घरात पैसा आणतो ही समजूत महाराष्ट्रातही सर्वपरिचित आहे. तिच्यातील पैशाचा भाग बाजूला ठेवला, तरी शेजाऱ्याच्या कुंडीतून न विचारता खुडलेल्या फांदीला या समजुतीने एक प्रकारची समाजमान्यता दिली, आणि रोपवाटिकेत पाऊल न टाकताही हा वेल एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिला, ही तिची कामगिरी लहान म्हणता येणार नाही.

कलमाचे रोप मूळ वेलाच्या जनुकांचीच प्रत असते, त्यामुळे बाटलीतला वीतभर वेल आणि झाडावर चढून हातभर लांबीची, चिरफाळलेली पाने धारण करणारा वेल वेगळ्या जातींचे नसतात. त्यांच्यात फरक असतो तो वयाचा आणि आधाराचा. श्रीलंकेच्या जंगलांत व फ्लोरिडात तर बागेबाहेर टाकून दिलेल्या तुकड्यांनीही मूळ धरले असून, एका बीजाविना तेथील झाडे या वेलाखाली झाकली जाऊ लागली आहेत.