उडत्या तबकड्यांचा अभ्यास

उडत्या तबकड्यांचा अभ्यास म्हणजे आकाशात दिसलेल्या, परंतु पाहणाऱ्याला ओळखता न आलेल्या वस्तूंचा आणि त्या पाहिल्याच्या वृत्तांतांचा पद्धतशीर अभ्यास होय. अशा वस्तूस 'अज्ञात उडती वस्तू' किंवा 'यूएफओ' असेही म्हणतात. 'अज्ञात' हे विशेषण वस्तूच्या स्वरूपाविषयी काही सांगत नाही. निरीक्षण अपुरे राहिले, एवढेच ते सांगते. वस्तू परग्रहावरून आली, असा अर्थ त्यात नाही. या अभ्यासाची दोन अंगे आहेत. खगोलशास्त्र, वातावरणशास्त्र व भूभौतिकी या शाखा प्रत्यक्षात काय दिसले याचा शोध घेतात. मानसशास्त्र, समाजशास्त्र व धर्माभ्यास या शाखा लोकांनी त्या दृश्याला कोणता अर्थ दिला, हे तपासतात.

इतिहास

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकास वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनिअर शिखराजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. त्यांच्या गतीचे वर्णन करताना त्याने पाण्यावर उड्या घेत जाणाऱ्या बशीची उपमा दिली. वृत्तपत्रांनी ती उपमा आकाराला लावली आणि 'उडती तबकडी' हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुढे तबकडीच्या आकाराच्या वस्तू दिसल्याचे वृत्तांत मोठ्या संख्येने येऊ लागले, ही बाब अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेली नाही.

अमेरिकी हवाई दलाने १९५२ ते १९६९ या काळात 'प्रोजेक्ट ब्लू बुक' चालविला. त्यातील १२,६१८ वृत्तांतांपैकी ७०१ अनिर्णित राहिले. कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या पाहणीने अधिक अभ्यासातून विज्ञानाला फारसा लाभ होणार नाही, असा निष्कर्ष काढला. या प्रकल्पाचे खगोलशास्त्रीय सल्लागार जे. ॲलन हायनेक प्रारंभी संशयवादी होते. कालांतराने मात्र अनिर्णित वृत्तांतांचा गंभीर विचार व्हावा, असे मत त्यांनी मांडले. फ्रान्सच्या अंतराळ संस्थेत १९७७ पासून यासाठी स्वतंत्र विभाग आहे. नासाने नेमलेल्या अभ्यासगटाच्या सप्टेंबर २०२३ च्या अहवालात परग्रहीय उगमाचा पुरावा आढळला नसल्याचे म्हटले असून, उपलब्ध नोंदींचा दर्जा हीच मुख्य अडचण असल्याचे नमूद केले आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील घटना

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्र, मध्य प्रदेश व गुजरात या राज्यांत अनेक ठिकाणी आकाशातून तेजस्वी रेषा सरकताना दिसल्या. उल्का, क्षेपणास्त्र, विमान अपघात असे निरनिराळे तर्क लगेच सुरू झाले. त्याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. पुढील काही दिवसांत परिसरात धातूचे गोलही सापडले. कृत्रिम उपग्रहांच्या नोंदी ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हे दृश्य फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या 'लाँग मार्च ३बी' अग्निबाणाचा टप्पा वातावरणात परतल्यामुळे दिसले असावे, असे सांगितले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या पथकाने गावी येऊन अवशेषांची पाहणी केली.

उलगडा इतक्या लवकर होण्याची कारणे साधी होती. दृश्याची वेळ व दिशा अनेकांच्या चित्रफितींत टिपली गेली होती, टप्प्याची कक्षा आधीपासून नोंदलेली होती आणि वस्तू हाती लागली होती. यांपैकी एकही गोष्ट नसती, तर हा वृत्तांत अनिर्णितांच्या यादीत गेला असता.

धर्म आणि श्रद्धा

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९५८ मध्ये उडत्या तबकड्यांना आधुनिक काळातील मिथक म्हटले. वस्तू खऱ्या की खोट्या, या प्रश्नापेक्षा युद्धोत्तर भयग्रस्त समाजाने आकाशाकडे त्राता म्हणून का पाहिले, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला. त्याआधी, १९५६ मध्ये, लिऑन फेस्टिंगर व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका लहान समूहाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. २१ डिसेंबर १९५४ रोजी महापूर येईल आणि परग्रहवासी आपल्याला तबकडीतून वाचवतील, असा या समूहाचा विश्वास होता. पूर आला नाही; तरीही काही अनुयायांची श्रद्धा ढळण्याऐवजी दृढ झाली, असे संशोधकांनी नोंदविले. मात्र संशोधक स्वतःची ओळख लपवून समूहात शिरले होते. त्यांच्या वावरामुळेच समूहाचे वर्तन बदलले असावे, हा आक्षेप आजही घेतला जातो. अलीकडे अमेरिकन धर्माभ्यासक डायना पसुल्का यांनी २०१९ च्या ग्रंथात तंत्रज्ञानाभोवती उभ्या राहणाऱ्या नव्या श्रद्धांचा मागोवा घेतला आहे.

भारतात या चर्चेला प्राचीन विमानांच्या कल्पनेची जोड मिळाली. पुराणांतील विमाने परग्रहवासीयांची यंत्रे होती, असे एक मत आहे. ती भारतीयांनीच बांधली, असे दुसरे. दुसऱ्या मताचा मुख्य आधार असलेल्या 'वैमानिक शास्त्र' या संस्कृत ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. ग्रंथ विसाव्या शतकातील आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रात लोकप्रिय असली, तरी तिला विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हा हा वाद पुन्हा उफाळला. पुराणकथा ही श्रद्धा व साहित्य म्हणून अभ्यासणे आणि तिला अभियांत्रिकीचा दाखला मानणे, या दोन गोष्टींची गल्लत त्या वादाच्या मुळाशी होती.

भूकंप, प्रकाश आणि कोयना

कॅनडातील मायकेल पर्सिंजर यांनी १९७० च्या दशकापासून असे गृहीतक मांडले की, भूकवचातील ताणामुळे प्रकाशगोल निर्माण होतात आणि तबकड्यांचे अनेक वृत्तांत मुळात त्यांचे असावेत. भूकंपाच्या वेळी दिसणाऱ्या प्रकाशाची छायाचित्रे जपानमधील मात्सुशिरो येथे १९६० च्या दशकात घेतली गेली होती. तथापि पर्सिंजर यांनी प्रकाश व भूकंप यांच्यात काळाचे व अंतराचे मोठे फरक चालवून घेतले. एवढी सूट दिल्यास कोणताही प्रकाश कोणत्या ना कोणत्या धक्क्याशी जोडता येतो, अशी टीका त्यावर झाली.

भूकंपासंबंधीचे गृहीतक नोंदींच्या कसोटीवर कसे उतरते, हे समजण्यास सातारा जिल्ह्यातील कोयनानगरचे उदाहरण उपयुक्त आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे ६.३ तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. दख्खनचे पठार स्थिर मानले जात असल्याने धरणातील पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो, हे अनेकांना पटणारे नव्हते. परंतु जलाशय भरू लागल्यानंतर बसविलेल्या भूकंपमापकांनी धक्क्यांच्या वेळा व स्थाने टिपली होती आणि शिवसागर जलाशयाची पातळीही नियमित मोजली जात होती. या दोन स्वतंत्र नोंदी दशकानुदशके शेजारी ठेवून पाहता आल्या, म्हणून जलाशयप्रेरित भूकंपाचे कोयना हे जगातील प्रमुख उदाहरण ठरले. २०१७ मध्ये जवळच्या गोठणे येथे तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विंधनविवर पूर्ण झाले आणि भूकंपाच्या उगमाजवळील खडकांचा अभ्यास शक्य झाला.

पर्सिंजर यांच्या गृहीतकाचा असा पडताळा घ्यायचा, तर धक्क्यांच्या यादीसोबत प्रकाशाच्याही वेळ, दिशा व उंचीसह यंत्रांनी टिपलेल्या नोंदी लागतील. प्रत्यक्षदर्शींच्या आठवणींची वृत्तपत्रीय कात्रणे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

परग्रहीय जीवसृष्टीचा शोध

परग्रहीय जीवसृष्टीचा वैज्ञानिक शोध हा तबकड्यांच्या अभ्यासापासून वेगळा विषय आहे. सामान्य चर्चेत मात्र दोन्ही एकत्र येतात. कोल्हापूर येथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी मराठी विज्ञानकथांतून परग्रहवासीयांची कल्पना रंगविली. प्रयोगाच्या पातळीवर त्यांनी बरेच लहान जीव शोधले. सूक्ष्मजीव अंतराळातून पृथ्वीवर येत असतील काय, हे पाहण्यासाठी त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून २००१ व २००५ मध्ये महाकाय फुगे सोडण्यात आले. २००५ च्या प्रयोगात २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने घेतले गेले. पुणे व हैदराबाद येथील प्रयोगशाळांत तपासणी झाल्यावर जिवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर करण्यात आल्या. त्यांपैकी एकीला फ्रेड हॉईल यांचे, एकीला आर्यभटाचे आणि एकीला भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे नाव देण्यात आले. या जातींचा उगम अंतराळातच आहे, हे प्रयोगातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे संस्थेने २००९ च्या निवेदनात स्पष्ट केले.