आईबापांची नावे दर्यापारच्या दप्तरात

१९२२ सालच्या जून महिन्याच्या ३० तारखेस डब्लिन शहरी, लिफी नदीच्या काठच्या 'फोर कोर्ट्‌स' या न्यायमंदिराच्या आवारात जो प्रचंड स्फोट झाला, त्याने आयर्लंडच्या यादवी युद्धातील एका चकमकीचा शेवट झाला एवढेच नव्हे, तर त्या राष्ट्राच्या कित्येक शतकांच्या दप्तराची काही तासांत राखरांगोळी झाली. त्या आवारातील सरकारी दप्तरखान्यात पिढ्यान्‌पिढ्यांची मृत्युपत्रे होती, न्यायालयांचे निवाडे होते, १८२१ पासून दर दहा वर्षांनी झालेल्या पहिल्या चार खानेसुमाऱ्यांच्या मूळ याद्या होत्या आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या कित्येक शे गावांतील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या होत्या. अर्धवट जळालेले कागद वाऱ्यावर उडून शहरभर पडले. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १९१९ साली, याच दप्तरखान्यातील अधिकारी हर्बर्ट वुड यांनी तेथील संग्रहाची सूची मोठ्या कष्टाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली होती. अभ्यासकाला वाट दाखविण्यासाठी रचलेला तो ग्रंथ त्या दिवसानंतर काय काय गेले हे सांगणारा ग्रंथ होऊन बसला.

जे आगीतून वाचले असते ते माणसांनी आधीच घालविले होते. १८६१ व १८७१ च्या खानेसुमारीचे कागद सरकारी हुकुमानेच नष्ट करण्यात आले होते आणि १८८१ व १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. त्यामुळे संपूर्ण देशाची शाबूत राहिलेली पहिली खानेसुमारी १९०१ सालची. जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८६४ मध्ये सुरू झाली, परंतु आयरिश मृत्युनोंदीत मृताच्या आईबापांचे नाव लिहिण्याचा रकानाच नव्हता. कॅथलिक गावांच्या वह्या धर्मगुरूंच्या ताब्यात असल्यामुळे त्या वाचल्या, पण पश्चिमेकडील दरिद्री मुलखात त्या बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ लोटल्यावर सुरू होतात. तेव्हा १८०० च्या सुमारास जन्मलेला, खंडाने घेतलेल्या तीनचार एकरांवर बटाटे पिकवून पोट भरणारा आणि शतकाच्या मध्याच्या मोठ्या दुष्काळानंतर कधीतरी वारलेला एखादा कुणबी आपल्या देशाच्या दप्तरात जवळजवळ नाहीच, असे म्हणावे लागते.

आणि तरीही त्याचे नाव, त्याच्या बायकोचे नाव, इतकेच काय तिचे माहेरचे आडनावदेखील पुष्कळ वेळा सापडते. मात्र ते सापडते दहाबारा हजार मैलांवर, सिडनीच्या किंवा मेलबर्नच्या दप्तरात, आणि तेथे ते लिहून ठेवले गेले ते त्याच्या मुलामुलींमुळे. जी माणसे जन्मभर आपला परगणा सोडून कोठे गेली नाहीत, त्यांचे अस्तित्व त्यांच्या परागंदा लेकरांच्या कागदांवर टिकून राहिले, ही गोष्ट मला वंशशोधाच्या सर्व इतिहासात विलक्षण हृदयस्पर्शी वाटते.

हे असे का घडले याचे उत्तर अंतरात आहे. अमेरिकेचे भाडे एखाद्या गरीब घरानेही गाय विकून उभे करावे इतपत होते; ऑस्ट्रेलियाची सफर तीनचार महिन्यांची आणि भाडे त्याच्या कितीतरी पट. ते भरण्याची ऐपत नसलेली बहुसंख्य आयरिश माणसे तेथे गेली ती एक तर शिक्षा म्हणून बेड्यांत, नाही तर वसाहतीतील सरकारी जमिनीच्या विक्रीतून जमणाऱ्या पैशाच्या मदतीने. ज्या अर्थी सरकार पैसा देत होते, त्या अर्थी सरकारला हिशेब हवा होता. आणि ज्या अर्थी हिशेब हवा होता, त्या अर्थी प्रत्येक माणसाची चौकशी होऊन ती कागदावर उतरली. शिवाय हा पैसा तरुण व कामसू हातांसाठी होता, थकलेल्या माणसांसाठी नव्हे. म्हणून मुले गेली, आईबाप मागे राहिले, आणि मुलांच्या चौकशीत आईबापांची नावे आली.

बेड्यांतून गेलेल्यांची संख्या सुमारे ४०,०००. आयर्लंडहून थेट निघालेले पहिले कैदी जहाज 'क्वीन' १७९१ साली सिडनीस पोहोचले, तेव्हा कैद्यांच्या शिक्षेचे कागद त्याबरोबर आलेच नव्हते, आणि आपली मुदत भरली असे सांगणाऱ्या माणसाजवळ पुरावा नसे. पुढे मात्र कारभार सुधारला आणि कैद्याची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, जन्मस्थान असे सर्व लिहिले जाऊ लागले. याहून मोलाचा ऐवज डब्लिनच्या किल्ल्यात राहिला. दयेच्या अर्जांचे दप्तर फोर कोर्ट्‌समध्ये नसून किल्ल्यातील कचेरीत असल्यामुळे ते आगीतून वाचले. मुलाला काळ्या पाण्याची सजा झाली म्हणून आईने केलेले अर्ज, बापाने केलेले अर्ज, नवऱ्यापाठोपाठ आपल्यालाही पाठवा म्हणून बायकांनी केलेले अर्ज त्यात आहेत. अर्जदाराला बहुधा लिहिता येत नसे, म्हणून मजकूर दुसऱ्याच्या हातचा आणि खाली निशाणीची फुली. ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीस २०० वर्षे पूर्ण झाली त्या १९८८ साली आयर्लंडने या कागदांच्या सूक्ष्मपटावरील नकला ऑस्ट्रेलियाला भेट म्हणून दिल्या. याहून उचित भेट दुसरी कोणती असती?

दुष्काळाच्या वर्षांत, १८४८ ते १८५० या काळात, ब्रिटिश वसाहतमंत्री अर्ल ग्रे यांच्या योजनेखाली आयर्लंडच्या निराश्रितगृहांतून ४,००० हून अधिक मुली सिडनी, मेलबर्न आणि ॲडलेड येथे पाठविण्यात आल्या. बहुतेकींचे वय १४ ते १८ च्या घरात. प्रत्येकीला एक लाकडी पेटी मिळे. तीत सहा अंतर्वस्त्रे, दोन फ्लॅनेलचे परकर, सहा जोड मोजे, दोन जोड बूट आणि दोन झगे, त्यांतला एक उबदार कापडाचा, असा नेमून दिलेला सरंजाम असे, आणि पेटीच्या दर्शनी बाजूस तिचे नाव रंगवलेले असे. ज्या मुलीने आजवर स्वतःचे म्हणून काही बाळगले नसेल तिच्या नावाची ही पहिली वस्तू! सिडनी बंदरात जहाज लागले की कागद घेऊन बसलेल्या मंडळापुढे तिला उभे करीत आणि विचारीत: वय काय, गाव कोणते, परगणा कोणता, धर्म कोणता, लिहितावाचता येते का, या वसाहतीत कोणी नातलग आहे का, वाटेत वागणूक कशी मिळाली, आणि आईबापांची नावे काय, ते हयात आहेत का, असल्यास कोठे. पुष्कळींच्या नावापुढे दोघेही मृत अशी नोंद आहे. परंतु काहींची आई किंवा बाप जिवंत होता, आणि घरात अन्न नव्हते म्हणून लेक 'अनाथ' झाली होती. प्रश्न इंग्रजीत होत आणि उत्तर देणारीची बोली कित्येकदा केवळ आयरिश असे, म्हणून गावाचे नाव कारकुनाच्या कानाला जसे लागले तसे उतरले. असे नाव शोधकाने डोळ्यांनी न वाचता तोंडाने मोठ्याने म्हणून पाहावे. बऱ्याच वेळा गाव कानाला सापडते.

परंतु या सर्वांहून विश्वासू साक्षीदार म्हणजे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीचा मृत्यूचा दाखला. १८५३ च्या जुलैत त्या वसाहतीत सक्तीची नोंदणी सुरू झाली आणि तिची घडी विल्यम हेन्री आर्चर या आकडेशास्त्रात मुरलेल्या अधिकाऱ्याने बसविली. इंग्लंडच्या दाखल्यात जे नव्हते ते त्याने आपल्या नमुन्यात घातले: मृताच्या बापाचे नाव व धंदा, आईचे नाव व माहेरचे आडनाव, जन्मस्थान, वसाहतीत किती वर्षे काढली, लग्न कोठे, कोणत्या वयात व कोणाशी झाले, आणि मुलांची नावे वयांसह. न्यू साउथ वेल्सने १८५६ साली जवळजवळ हाच कित्ता गिरविला. अशा दाखल्यात बापाच्या नावापुढे धंदा म्हणून बहुधा एकच शब्द असतो, शेतकरी; मग त्याच्याजवळ ३० एकर असोत की अर्धा. अर्थात माहिती देणारा स्वतः मृत माणूस नव्हे. कोठे जावई, कोठे शेजारी, कोठे इस्पितळाचा कारकून. त्याला माहीत नसले की रकाना कोरा. वडील माणसाने मुलांपाशी आपल्या आईबापांविषयी किती बोलावे, यावर त्या आईबापांचे नाव टिकणे न टिकणे अवलंबून राहिले.

नाव हाती आले तरी ठिकाण हाती येतेच असे नाही. आयर्लंडात टाउनलँड म्हणून जो जमिनीचा सर्वांत लहान विभाग आहे, ज्याला आपण मौजे म्हणू, असे विभाग ६०,००० हून अधिक आहेत, आणि तेथवर पोहोचल्याखेरीज शोध पुरा होत नाही. या कामी जमिनीची दप्तरे उपयोगी पडतात: १८२३ नंतरच्या चौदापंधरा वर्षांत तयार झालेल्या धर्मपट्टीच्या वह्या, आणि १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली प्रसिद्ध झालेली साऱ्या देशाची आकारणी, जीत कूळ, जमीनदार, क्षेत्र आणि आकार हे ओळीने दिले आहे. एका मौज्यात एकाच नावाची चार कुळे असली म्हणजे त्यांना लोकांनी दिलेले उपनावही सरकारी पुस्तकात येते: एकजण 'रो' म्हणजे तांबड्या केसांचा, दुसरा 'बॉन' म्हणजे गोरा. पुढच्या फेरतपासणीच्या वह्या तर पाहताना मन थबकते. प्रत्येक फेरीस वेगळ्या रंगाची शाई. जुन्या नावावर रेघ, वर नवे नाव, बाजूस साल. बापाचे नाव खोडून धाकट्या मुलाचे नाव चढले, तर थोरली भावंडे कोठे गेली याचा पत्ता आपण मेलबर्नला शोधावा.

डोनेगल परगण्यातील डेरीव्हे येथील कथा या सर्वांचा संगम आहे. जॉन जॉर्ज अडेर या जमीनदाराचा मेंढ्यांवरील कारभारी १८६० च्या नोव्हेंबरात मारला गेला. गुन्हेगार सापडला नाही, आणि १८६१ च्या एप्रिलमध्ये अडेरने पोलिसांच्या बंदोबस्तात ४७ कुटुंबे, एकूण २४४ माणसे, बेदखल केली. कित्येकांची छपरे तेथल्या तेथे पाडली गेली. काही घरे निराश्रितगृहाकडे चालू लागली. ग्रिफिथच्या आकारणीत ही कुळे याच्या थोडीच वर्षे आधी आपापल्या मौज्यात नावानिशी उभी आहेत. ऑस्ट्रेलियातील आयरिशांनी वर्गणी जमवली, आणि हुसकावलेल्यांपैकी पुष्कळ तरुण मंडळी १८६२ साली सिडनीस उतरली. एका अन्यायाची कैफियत अशी दोन खंडांच्या दप्तरांत विभागली गेली, आणि दोन्ही अर्ध्या जुळविल्याशिवाय ती वाचता येत नाही.

मागे राहिलेल्या भावंडांकडूनही एक दार उघडते. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्यांस पेन्शन मिळू लागले. पण त्या म्हाताऱ्यांचा जन्म नोंदणी सुरू होण्यापूर्वीचा. वय सिद्ध करण्यासाठी १८४१ किंवा १८५१ च्या खानेसुमारीत आपले बालपणचे घर शोधावे असा अर्ज ते करीत, आणि त्यात आईबापांची नावे व मौजे लिहीत. मूळ याद्या जळाल्या. अर्ज आणि त्यांवर उतरविलेले कारकुनाचे उतारे पुष्कळसे उरले. सिडनीत वारलेल्या थोरल्या बहिणीच्या दाखल्यावरील आईबाप आणि डोनेगलात पेन्शन मागणाऱ्या धाकट्या भावाच्या अर्जातील आईबाप एकच निघाले, तर आणखी कोणता पुरावा हवा?

नावांची चाल आपल्याला परकी वाटणार नाही. थोरल्या मुलास बापाच्या बापाचे नाव, थोरल्या मुलीस आईच्या आईचे, अशी रीत आयरिश घरांत पुष्कळ पाळली जाई, आणि ती जहाजातूनही गेली. म्हणून परदेशी जन्मलेल्या नातवंडांची नावे ओळीने मांडली, की पुष्कळदा आजीआजोबांची नावे आपोआप वर येतात.

शोधास निघालेल्या वाचकाला माझे एवढेच सांगणे आहे. केवळ आपल्या पणजोबाचा दाखला काढून थांबू नका; त्यांच्या बरोबर किंवा पाठोपाठ आलेल्या प्रत्येक भावाचा, प्रत्येक बहिणीचा दाखला मागवा. विशेषतः जो अविवाहित राहिला आणि निपुत्रिक मेला, त्याचा मागवाच. मुलांच्या रकान्यात तेथे काही नसेल; पण त्याच्या उशाशी बहुधा सख्खे भावंड बसलेले असे, आणि आईचे माहेरचे आडनाव त्याला ठाऊक असे.