मांडव्याची शिकवणी

वैद्य, परिचारिका व सेवक ह्यांनीं एकत्र शिकावें, हें म्हणणें सोपें. परंतु वरिष्ठानें कनिष्ठापाशीं शिकावें कसें? पेण व रोहा ज्यांत येतात, त्याच तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांत, अलिबागेजवळील मांडवा येथें, १९७० नंतरच्या दशकांत शल्यविशारद डॉ. नोशीर अंटिया ह्यांनीं हा प्रश्न कसोटीस लावला. हजार वस्तीमागें एक, अशा अल्पशिक्षित ग्रामस्त्रिया त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या. पण लवकरच शिकवणी उलटली! कोणत्या घरीं कुष्ठाचा चट्टा पदराआड दडला आहे, हें शहरी डॉक्टरास कोठून कळणार? तें ह्या बायांनाच ठाऊक. ही बरोबरी मात्र स्थानिक पुढाऱ्यांना मानवली नाहीं. प्रयोग आवरावा लागला. त्याची हकीकत अंटियांनीं १९८६ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलांत लिहिली.