पिंपरीचे पेनिसिलिन आणि भीमाकाठची मुले

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. तिच्या शिरूरकडील काठी वडगाव रासाई हे गाव आहे. उसाचे, दुभत्या जनावरांचे, कष्टाळू माणसांचे. तेथील एका शिक्षकमित्राच्या आग्रहावरून गेल्या पावसाळ्यात नववी-दहावीच्या मुलांशी जंतू आणि औषधे या विषयावर बोलण्याचा योग आला. आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला असे आमंत्रण नाकारवत नाही.

पहिलाच प्रश्न मी विचारला : “पेनिसिलिन कोठे तयार होत असे?” कोणी लंडन म्हणाले, कोणी अमेरिका. “पिंपरीला,” असे मी सांगितले तेव्हा वर्गात हशा पिकला. ज्या पिंपरीत त्यांचे चुलते-मामा कामाला जातात, ती पिंपरी! थट्टाच वाटली त्यांना. त्या हशामुळेच आज लेखणी हाती घेतली आहे. आपल्या अंगणातला इतिहास आपणच मुलांना सांगितला नाही, तर त्या औषधाची किंमत त्यांना कशी कळावी?

किंमत म्हणजे काय, हे आमच्या घराने मोजलेले आहे. माझ्या वडिलांचे थोरले बंधू १९४३ साली वयाच्या चौदाव्या वर्षी गेले. टाचेत बाभळीचा काटा मोडला, पाय सुजला, ताप चढला आणि नवव्या दिवशी सारे संपले. माझी आजी ही हकिकत सांगताना कोणालाही दोष देत नसे, कारण दोष देण्यासारखे कोणी नव्हतेच. काटा, विहिरीवरची खरचट, बाळंतपण, छातीतला कफ यांपैकी कशानेही माणूस जाई. त्याच्याही आधी १८९७ साली पुण्यात प्लेग आला. रुग्णांची सेवा करता करता १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. ज्या जंतूने त्यांना नेले, त्याला मारणारे स्ट्रेप्टोमायसिन पुढे पिंपरीतच तयार होऊ लागले; परंतु मध्ये साठांहून अधिक वर्षे गेली होती.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात बुरशीने जंतू मारल्याचे दिसले, ही कथा पाठ्यपुस्तकात असते. त्या बुरशीचे औषध करण्याचे काम मात्र ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन, हीटली आदींनी केले, आणि ते मुलांना क्वचितच सांगितले जाते. १९४१ च्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला त्यांनी हे औषध दिले. चेहऱ्यावरच्या जखमेतून त्याच्या अंगभर विष पसरले होते. चार-पाच दिवसांत तो उठून जेवू लागला. औषध इतके थोडे होते, की त्याच्या लघवीतून ते पुन्हा काढून त्यालाच टोचावे लागे. तेही संपले. रोग उलटला आणि मार्चमध्ये तो मरण पावला. ही गोष्ट सांगितली तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. औषध लागू पडत होते, पण पुरले नाही, ही गोष्ट त्या वयालाही बोचते.

स्वातंत्र्यानंतर आपल्यापुढे नेमका हाच प्रश्न होता : औषध आहे, पण आपल्यापाशी नाही. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक राहिलेले साहिब सिंग सोखी यांच्यासारख्यांनी आग्रह धरला होता, की देशाला लागणारी औषधे देशातच, सार्वजनिक मालकीच्या कारखान्यांत व्हावीत. युनिसेफने यंत्रसामग्री आणि जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रसाहाय्य दिले. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. आज ज्याला आपण पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी म्हणतो, तिच्या आरंभीच्या कारखान्यांत याची गणना होते. प्रचंड बंद टाक्यांत बुरशीला गोड खाद्य द्यायचे, निर्जंतुक हवा घुसळत ठेवायची, उष्णता आवरायची आणि शेवटी त्या पाण्यातून थोडीशी पांढरी पूड निराळी करायची. एका टाकीत एक परका जंतू शिरला, तर सगळा घाणा वाया! तेथील शास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीच्या रोगांवरचे ‘हॅमायसिन’ शोधले. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावातच ‘पिंप्रिना’ असे गावाचे नाव कायमचे गुंफले गेले आहे. मुलांना हे फार आवडले. एकाने लगेच विचारले, “सर, आमच्या वडगावच्या मातीत पण असेल का एखादा?” का नसावा?

माझी आत्या धर्मभगिनी होती. एका खेड्यातल्या मिशनच्या दवाखान्यात तिने वीस वर्षे परिचारिकेचे काम केले. काचेची सिरिंज पाण्यात उकळायची, बाटलीतल्या पुडीत शुद्ध पाणी घालून हलवायचे, रुग्णाला मोजून टोचायचे आणि वहीत तारीख घालायची. सातव्या दिवशी न येणाऱ्याच्या घरी ती सायकलवर जात असे. “बरे वाटते म्हणून सुई चुकवायची नाही,” हा तिचा दरारा होता. जुने डॉक्टर आणि परिचारिका या औषधाशी काटकसरीने वागत. त्या काटकसरीत नियमाइतकीच आठवणही होती. औषध नसतानाचे दिवस त्यांनी पाहिलेले होते.

मुळात धोक्याची सूचना फ्लेमिंग यांनीच दिली होती. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पुरस्काराच्या भाषणात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून तो आपल्या मनाने थोडेसे पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. तेच जंतू पत्नीला लागतात, आणि तिला औषधाचा उपयोग होत नाही. गंमत अशी, की फ्लेमिंग यांनी उदाहरणासाठी निवडलेला घशाचा तो जंतू आजही पेनिसिलिनला दाद देतो. मात्र गळवे करणारा स्टॅफिलोकोकस थोड्याच वर्षांत शिरजोर झाला. उदाहरण चुकले, पण इशारा चुकला नाही.

क्षयाच्या बाबतीत तर पुरावा लगेच मिळाला. १९४८ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, न दिलेल्या ५२ पैकी १४. जणू चमत्कारच. पण पाच वर्षांनी पाहिले तर पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्यातले ३५ गेलेले होते. एकट्या औषधाशी झुंजता झुंजता जंतू त्याला सरावले होते. तेव्हापासून क्षयाला एका वेळी अनेक औषधे, आणि तीही नेमाने, देण्याची रीत पडली.

येथे मराठी शिक्षकाची एक अडचण सांगितली पाहिजे. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द आपण शरीराच्या बळासाठी वापरतो. त्यामुळे ‘औषधाला प्रतिकार’ म्हटले, की मुलांना वाटते, औषध फार खाल्ल्याने माणसाचे शरीर सरावते. मी विचारले तेव्हा एकूण एक हात याच उत्तरासाठी वर झाले. मोठ्यांचेही तेच मत असते. शरीर सरावत नाही, सरावतात ते जंतू. कोट्यवधींत एखादा जन्मतःच निराळा असतो. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो, वाढतो. एवढेच नव्हे, तर आपले हे कसब शेजारच्या निराळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. फळ्यावर आकृत्या काढून मी हे समजावत होतो, तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “कांद्यावर तेच तेच औषध मारले की फुलकिडे मरत नाहीत, तसेच ना सर?” माझ्या तीन आकृत्यांचे काम त्याने एका वाक्यात केले.

मग गोष्टी शेतातूनच येऊ लागल्या. डाळिंबावर तेल्या रोग पडला, की फवारण्याच्या पाण्यात ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ घालतात, हे अनेकांना ठाऊक होते. ती पुडी म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण, आणि ती बाजारात आणणारी संस्थाही पिंपरीचीच, हे मात्र ठाऊक नव्हते. माणसांच्या क्षयासाठी जपायचे औषध आपण फळझाडांवर उडवीत आलो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतील या वापरावर बंदी घालणाऱ्या आदेशाचा मसुदा काढला. त्यापूर्वी, २०१९ साली, कोंबड्या व इतर जनावरांच्या खाद्यातील कोलिस्टिनवर बंदी आली होती; माणसाच्या उपचारात ते अगदी शेवटचे हत्यार समजले जाते. एक मुलगी म्हणाली, “गाईच्या थानात औषध सोडले की आम्ही ते दूध डेअरीला घालत नाही. वासराला पाजतो.” ती अभिमानाने बोलत होती. वासराच्या पोटातही जंतू असतात, हे सांगताना मला जरा जड गेले.

मोठ्यांचे वर्तन मुलांपुढे झाकून ठेवू नये, असे मला वाटते. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया व सहकारी यांनी धारावी परिसरातील १०६ खाजगी वैद्यकीय व्यावसायिकांना क्षयाच्या उपचाराची चिठ्ठी लिहायला सांगितले. ६३ निरनिराळ्या तऱ्हा निघाल्या. बरोबर उत्तर केवळ सहा जणांचे. ही पाहणी २०१० साली छापून आली. पुढे दीड-दोन वर्षांतच याच डॉक्टरांनी, तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगापुढे मांडले. नावावरून सरकारदरबारी वाद झाला. रुग्णांना त्याचा काय उपयोग! १ मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविके ‘एच-वन’ या अनुसूचीत आली. दुकानदाराने चिठ्ठीवाचून ती देऊ नयेत आणि विक्रीची निराळी नोंद ठेवावी, असा नियम झाला. नियम चांगला आहे. तो किती दुकानांत पाळला जातो, हे वाचकांनी आपल्याच नाक्यावर जाऊन पाहावे.

आणि मी? विज्ञानाचा शिक्षक असूनही घरच्या डब्यात उरलेल्या कॅप्सुली जपून ठेवणारा मी, साध्या सर्दी-तापाला मुलीला त्यातल्या तीन-चार देऊन मोकळा होत असे. सर्दी विषाणूंची, तिच्यावर ही औषधे चालत नाहीत, हे मीच वर्गात शिकवीत होतो! पुढे तिला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला. तपासणीच्या कागदावर सहा औषधांपुढे ‘निरुपयोगी’ अशी खूण होती. रुग्णालयात आठ दिवस शिरेतून औषध द्यावे लागले. माझ्या त्या कॅप्सुलींचाच हा परिणाम, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. तो कागद मात्र मी अजून ठेवला आहे, आणि वडगावच्या मुलांना दाखविला.

साबणाचा विषय त्यांनीच काढला. जाहिरातीतला ‘जंतुनाशक’ साबण साध्यापेक्षा चांगला का? व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू घटविले, तेव्हापासून हात धुण्याचे महत्त्व वादातीत आहे. परंतु घरच्या साबणात ट्रायक्लोसानसारखी रसायने घालून अधिक लाभ होतो, याचा पुरावा उत्पादकांना देता आला नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली अशी १९ द्रव्ये हात-अंग धुण्याच्या साबणांतून बाद केली. जंतू ट्रायक्लोसानलाही सरावतात, हे १९९८ च्या सुमारासच प्रयोगशाळेत दिसले होते. साधा साबण जंतूंना मळासकट धुऊन काढतो. कोविडच्या काळातले मद्यार्काचे द्रावण जंतूंचे आवरणच फोडते. पाणी नसेल तेथे ते ठीक.

शेवटी आम्ही नदीवर आलो, म्हणजे बोलण्याच्या ओघात. पिंपरीची पवना दापोडीला मुळेस मिळते, पुण्यात मुळा आणि मुठा एक होतात, आणि मुळा-मुठा याच पट्ट्यात रांजणगाव सांडसजवळ भीमेला येऊन मिळते. नचिकेत मराठे आणि सहकाऱ्यांनी पुण्यातील मुठेचा गाळ तपासला होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, औषधांना न जुमानण्याचे गुण देणारी जनुके शहराच्या वरच्या अंगापेक्षा शहरातील गाळात सुमारे तीसपट आढळली. शेवटच्या हत्यारांना निष्प्रभ करणारीही त्यांत होती. कारण एखादा कारखाना नव्हे, तर लाखो घरांचे न शुद्ध केलेले सांडपाणी. ज्या पिंपरीने एकेकाळी देशाला औषध दिले, तिच्याच खोऱ्यातून आता ही दुसरी देणगी खाली येत आहे. पिंपरीचा तो कारखाना तर १९९० च्या दशकातच आर्थिक दृष्ट्या आजारी झाला.

तास संपला. दाराशी एक मुलगी थांबून राहिली होती. दुसऱ्या दिवशी ती घरातली एक अर्धवट पट्टी घेऊन आली. दहांपैकी चार गोळ्या शिल्लक, मागे तांबडी रेघ. “सर, ह्या नदीत टाकायच्या नाहीत, उकिरड्यात नाहीत, कोणाला द्यायच्याही नाहीत. मग ठेवू कोठे?” पट्टी मी मागून घेतली. मग आणखी काही जण आपापल्या घरच्या घेऊन आले. मित्राने बुटांचे एक रिकामे खोके दिले. ते भरले, दोरीने बांधले आणि पुण्याला येताना बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो.