पायी चालणाऱ्यांचा बाजार

गोमंतकाच्या अगदी उत्तर टोकास, तेरेखोल नदी जेथे अरबी समुद्रास मिळते तेथे, केरी हे गाव आहे. पलीकडच्या काठावर तेरेखोलचा किल्ला, अलीकडे सुरूची झाडे आणि वाळूचा पट्टा, व दोन्ही काठांना जोडणारी फेरीबोट. अशा टोकाच्या गावाला मोठी पेठ असत नाही. केरीकरांचा बाजार म्हणून नेहमी गावाबाहेरच राहिला. मंगळवारी सावंतवाडीचा, बुधवारी डिचोलीचा आणि शुक्रवारी म्हापशाचा. या तिन्हींत पेडणे महालाच्या संसारात खोल रुजला तो शुक्रवारचाच. ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात बाजाराचा इतिहास कशासाठी, असे एखादा वाचक विचारील. त्यास इतकेच सांगता येईल की ज्या वाटेने मीठ-मिरची आली त्याच वाटेने पंचांगे आणि पोथ्याही आल्या. वाचणारे आणि विकणारे कोकणात कधी फार वेगळे नव्हते.

पेडणे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला तो इ.स. १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे गेल्या होत्या. बार्देश मात्र त्यापूर्वी दोन शतकांहून अधिक काळ त्यांच्या अमलाखाली होता. नकाशावर एक झालेले हे दोन प्रदेश व्यवहारात एक झाले ते मुख्यतः म्हापशाच्या बाजारात. म्हापसा या नावाची फोड ‘माप’ या शब्दाशी जोडून सांगितली जाते. ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो, गावाचा स्वभाव तीत नेमका पकडला आहे. मोजून देणे आणि मोजून घेणे हेच या गावाचे मूळ काम. म्हापशाच्या नदीकाठचा भाग अद्याप ‘तार’ या नावाने ओळखला जातो. माल होड्यांतून यावयाचा तेव्हाची ती आठवण होय.

केरीहून म्हापशास जाणे म्हणजे हरमल, मांद्रे करीत चोपडे गाठावयाचे, शापोरा नदी ओलांडून शिवोलीस उतरावयाचे आणि पुढची वाट धरावयाची. डोक्यावर पाटी असली की अंतर दुप्पट होते. हरमलच्या मिरच्या, आगरवाड्याचे मीठ, सोले, सुके मासे, हंगामात फणस आणि काजू हा या वाटेवरचा माल. परतीच्या पाटीत कापड, साखर आणि घरात नसलेली एखादी वस्तू. पावसाळ्यापूर्वी वर्षभराची बेगमी करावयाची, तिला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज वळणाचा, पण रीत त्याहून जुनी. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्तास हिंदू भाविकही तेल घेऊन जातात, कारण ती शिरगावच्या लईराईची बहीण मानली जाते. जत्रा, फेस्त आणि बाजार ही येथे एकाच गर्दीची तीन नावे आहेत.

आज शुक्रवारी ज्या इमारतींच्या चौकांत माणसे वावरतात, तो म्हापशाचा आखीव बाजार पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांतला, १९६० च्या सुमाराचा. तो काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. १९५४ नंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. सीमेपलीकडून येणारा माल थांबला आणि राजवटीने समुद्रमार्गे बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून आणावयास सुरुवात केली. ज्या राज्याचे दिवस भरत आले होते त्या राज्याने आपल्या शेवटच्या काळात प्रजेसाठी बाजार बांधावा, यामागे भरल्या दुकानांचे प्रदर्शन मांडण्याचा हेतू नव्हता असे म्हणणे धाडसाचे होईल. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, सीमा उघडली, आणि तो बाजार ज्यांच्यासाठी खरोखर योग्य होता त्यांच्या हाती आला.

हेतू काहीही असो, रचना मात्र जाणत्याची होती. कडेने दुकानांच्या ओळी, मध्ये मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेत गावांहून आलेल्या बायकांनी जमिनीवर मांडलेल्या पाट्या. केळ्यांची ओळ वेगळी, मडक्यांची वेगळी, मासळीचा भाग वेगळा. मयड्याची केळी कोठे मिळतील हे नव्या माणसालाही विचारावे लागत नाही, कारण एकदा ओळ सापडली की तीतल्या दहाजणी एकमेकींशी भाव लढवीत बसलेल्या असतात. दुकानदार हा बाजाराचा कायमचा रहिवासी, पाटीवाली ही आठवड्याची पाहुणी. परंतु गिऱ्हाईक येते ते पाटीवालीसाठी, आणि आल्यावर दुकानात शिरते. नगरपालिकेचा ‘सोपो’ भरून जमिनीवर बसणारी ही बाई साऱ्या पेठेचा फिरता दिवा असते. हे सूत्र ध्यानात ठेवल्यास पुढील सारा इतिहास सोपा होतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर जुन्या पेठा ओस पडू लागल्या आणि त्यांना पुन्हा माणसे कशी मिळवून द्यावयाची याचे प्रयोग झाले. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या रॉटरडॅम शहरात १९५३ साली लाइनबान ही केवळ पायी चालणाऱ्यांची नवी पेठ उघडली. अमेरिकेत मिशिगन राज्यातील कॅलामाझू या गावाने १९५९ साली आपल्या मुख्य रस्त्याचा काही भाग मोटारींना बंद करून तेथे हिरवळ आणि झाडे आणली. या योजनेचा शिल्पकार व्हिक्टर ग्रुएन. याच गृहस्थाने १९५६ मध्ये मिनेसोटात साउथडेल हे छपराखालचे, मोटारींच्या तळाने वेढलेले भव्य विक्रीकेंद्र उभारले होते. म्हणजे ज्या हाताने गावातील पेठ बरी करावयाची त्याच हाताने तिचे गिऱ्हाईक गावाबाहेर नेले. इतिहासाला असे विनोद सुचतात.

अमेरिकेत त्यानंतर दोनशेच्या आसपास गावांनी असे रस्ते केले आणि त्यांतील बहुतेकांनी पुढे ते मोटारींना परत दिले. खुद्द कॅलामाझूने १९९८ मध्ये आपल्या पेठेच्या काही भागात वाहने पुन्हा सोडली. शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर १९७९ साली खाजगी मोटारी बंद झाल्या आणि १९९६ मध्ये रस्ता पूर्ववत झाला. बाके चांगली होती, झाडे वाढली होती, फरशी महाग होती. नव्हते ते एवढेच की त्या रस्त्याच्या वरच्या मजल्यांवर आणि आसपास राहणारी माणसे उपनगरांत निघून गेली होती. रस्ता सजवून घरे परत येत नाहीत.

कोपनहेगनची गोष्ट म्हणूनच वेगळी वाचावी लागते. तेथील स्ट्रॉयेट हा सुमारे एक किलोमीटरचा रस्ता १७ नोव्हेंबर १९६२ रोजी, म्हणजे ऐन थंडीच्या तोंडावर, प्रयोग म्हणून मोटारींना बंद झाला. आपल्या गारठ्यात कोण हिंडत बसणार, हा इटालियनांचा शौक आहे, असा दुकानदारांचा आक्षेप होता. दोन वर्षांनी प्रयोग कायम करण्यात आला. परंतु खरे काम त्यानंतरच्या तीस वर्षांत झाले. शहराने एकदम सारे न बदलता दरवर्षी थोडी वाहनतळाची जागा कमी केली आणि थोडी चालण्याची वाढवली. १९६२ मध्ये सुमारे १५,८०० चौरस मीटर असलेली पादचाऱ्यांची जागा १९९६ पर्यंत ९५ हजारांच्या वर गेली. वास्तुविशारद यान गेल यांनी या काळात लोक कोठे थांबतात, कोठे बसतात, किती वेळ बसतात, हे मोजले. आपल्या म्हापशात मापाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको; पण माल मोजावा तशी माणसांची बैठकही मोजता येते हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

मराठी मुलखात या विचाराचे पाऊल उशिरा पडले, असे म्हणताना माथेरानचा अपवाद करावा लागतो. १८५० मध्ये ह्यू मॅलेट याने शोधलेल्या, १९०७ पासून छोट्या रेल्वेने जोडलेल्या या गिरिस्थानाच्या पेठेत मोटार कधी आलीच नाही. मात्र मोटार नसणे म्हणजे प्रश्न नसणे नव्हे. तांबड्या मातीच्या रस्त्यांवर फरसबंदीचे ठोकळे बसवावेत की नाही, माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा बंद करून विजेवरच्या आणाव्यात की नाही, यावर घोडेवाले, रिक्षावाले आणि रहिवासी यांच्यात मतभेद होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हातरिक्षांची प्रथा बंद करण्याचा आदेश न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. रस्त्याची फरशी हा दिसावयास सौंदर्याचा प्रश्न असतो. तिच्यावर पोट असणाऱ्यांना तो वेगळा दिसतो.

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा प्रयोग केरीकरांसही ठाऊक असेल, कारण लग्नाचा बस्ता बांधण्यास गोव्यातून पुणे गाठणारी घरे थोडी नाहीत. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, झाडांभोवती बसण्याच्या जागा झाल्या. ११ डिसेंबर २०२१ रोजी, शनिवारी, लक्ष्मी रस्त्याचा एक पट्टा वाहनांना बंद ठेवून ‘पादचारी दिन’ साजरा झाला, आणि पुढील वर्षांतही त्याच तारखेस तो होत राहिला. ज्या रस्त्यावर दुकानाकडे पाहावयाचे तर पाठीमागील दुचाकीकडे आधी पाहावे लागते, तेथे मुले रस्त्याच्या मधोमध खेळली. वर्षातून एक दिवस हे मात्र फार थोडे. सण झाला, सवय झाली नाही. आणि पेठ ही सवयीवर जगते.

दिल्लीच्या चांदणी चौकात याउलट सवयच बदलण्याचा यत्न झाला. शहाजहानची कन्या जहाँआरा हिने सतराव्या शतकात वसविलेला हा बाजार, लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत, २०२१ मध्ये तांबड्या दगडात नव्याने सिद्ध झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आली. चालणे सुखाचे झाले, हे निर्विवाद. पण त्याच नूतनीकरणात रस्त्यावर बसून विकणाऱ्यांचा प्रश्न मात्र तीव्र झाला; २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना दिलेल्या हक्काचे काय, हा वाद त्यानंतर सुरू राहिला. दुकानदाराला वाटते, समोरचा फेरीवाला उठला की गिऱ्हाईक आपल्याकडे वळेल. म्हापशाचा शुक्रवार याच्या उलट साक्ष देतो.

आता त्या शुक्रवाराकडे परत यावयास हरकत नाही. कारण तोही बदलला आहे. शिवोली-चोपडे पूल या शतकाच्या आरंभी झाला आणि फेरीबोटीची वाट पाहणे संपले. त्याआधीच, गेल्या शतकाच्या अखेरीस, कोकण रेल्वे पेडण्यातून धावू लागली होती. जानेवारी २०२३ पासून मोपा येथे विमाने उतरू लागली, आणि ज्या महालातून म्हापशास जाणे हा दिवसाचा प्रवास होता तो महालच परदेशी पाहुण्यांचे प्रवेशद्वार झाला. माणसे वाढली, वाहने वाढली. बाजाराच्या ज्या वाटा डोक्यावरच्या पाटीच्या मापाने आखल्या होत्या त्यांत दुचाक्या शिरल्या. दुसरीकडे महामार्गालगतच्या वातानुकूलित दुकानांत मिरच्या पिशवीबंद मिळू लागल्या. हरमलच्या मिरचीस भौगोलिक मानांकनही लाभले आहे. पण ती पिकविणाऱ्या बाईस बसावयास किती हात जागा मिळते, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

पाहुणे परत आणावेत म्हणून म्हापशाचा बाजार नव्याने घडवावा, अशी भाषा वेळोवेळी ऐकू येते. ती अयोग्य नाही. छपरे गळतात, नाल्या तुंबतात, मासळीच्या भागात पाय ठेवणे कठीण होते. यांत नव्या बांधकामाची निकड खरीच आहे. तथापि त्या कामाचा नकाशा काढणाऱ्याने आधी एका शुक्रवारी पहाटे बाजारात जाऊन बसावे. पेडण्याची पहिली बस कोठे थांबते, तेथून पाटीवालीला किती पावले चालावे लागते, वाटेत पाटी टेकावयास कट्टा आहे काय, पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छतागृह किती दूर आहे, दुपारी सावली कोणत्या ओळीवरून सरकते, हे त्याने मोजावे. कोपनहेगनात हेच मोजले. कॅलामाझूत दगड मोजले होते.

इतिहासकाराला एक गोष्ट आणखी नोंदवावी लागते. केरी-तेरेखोलकडून जाणाऱ्या पाटीवाल्यांची पुढची पिढी त्या पाट्यांवर बसेलच असे नाही. मुली शिकल्या, नोकरीस लागल्या, आणि ते शुभच झाले. म्हणजे बाजार वाचवावयाचा तो आईच्या कष्टांचे कौतुक करून नव्हे, तर त्या कष्टांतील अनावश्यक भाग काढून टाकून: छप्पर, पाणी, बसण्याची ठरलेली जागा, आणि ती जागा कोणी उठवणार नाही याची लेखी हमी.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास म्हापशाच्या बसस्थानकावर पेडण्याकडच्या गाड्या भरू लागतात. रिकाम्या पाट्या एकीत एक बसविलेल्या असतात, वरच्या पाटीत पाव, एखादे कापडाचे बोचके, मुलाच्या वह्या. मोपाहून आलेला एखादा पाहुणा त्याच वेळी बाजारात शिरून मिरच्यांची ओळ शोधू लागतो, आणि ती तोवर उठून गेलेली असते.